दोष मॅकपार्लंडचा नव्हता, नियमाचा होता

पीटर मॅकपार्लंडचं नाव निघालं की इंग्लंडमधल्या जुन्या फुटबॉलप्रेमींना आधी एक धडक आठवते, गोल नंतर. उत्तर आयर्लंडच्या न्यूरीत १९३४ साली जन्मलेला हा डावा विंगर १९५८च्या विश्वचषकात पाच सामन्यांत पाच गोल करून गेला. अ‍ॅस्टन व्हिला या इंग्लिश क्लबकडून ३४१ सामन्यांत त्याने १२० गोल केले. एफए कप आणि लीग कप, इंग्लंडमधल्या दोन्ही बाद पद्धतीच्या स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत गोल करून दोन्ही कप जिंकणारा तो पहिला खेळाडू. तरीही ४ मे १९५७च्या दुपारी वेम्बलीवर, मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात, सहाव्या मिनिटाला जे घडलं, त्याचं ओझं त्याच्या नावावरून कधी उतरलं नाही. हा मला अन्याय वाटतो. त्या दुपारी चुकला होता तो जखमी खेळाडूच्या जागी बदली न देणारा नियम. नियम करणारे मात्र नामानिराळे राहिले, आणि डोक्याच्या दुखापतीबाबत त्यांची संस्था आज तीच टाळाटाळ करते आहे.

आधी घटना नीट पाहू. मँचेस्टर युनायटेड त्या मोसमात लीग जिंकून वेम्बलीवर आली होती. कपही मिळाला असता तर एकाच मोसमात लीग आणि कप जिंकण्याचा पराक्रम विसाव्या शतकात पहिल्यांदा झाला असता. त्याआधी तो १८९७ साली खुद्द व्हिलानेच केला होता. सहाव्या मिनिटाला मॅकपार्लंडचा हेडर गोलरक्षक रे वुडने धरला. मॅकपार्लंड वेगात होता, तो थांबला नाही. खांदा द्यायला गेला, पण धडक उंच बसली आणि दोघेही आडवे झाले. मॅकपार्लंड थोड्या वेळाने उठला. वुडच्या गालाचं हाड मोडलं होतं. रेफरी फ्रँक कुल्टस यांनी युनायटेडला फ्री किक दिली, विषय तिथे संपला.

युनायटेडसाठी तो तिथून सुरू झाला. बदली खेळाडू आणायची सोयच नव्हती. सेंटर हाफ जॅकी ब्लँचफ्लॉवर गोलमध्ये गेला. त्याच्या जागी डंकन एडवर्ड्स मागे सरकला, एडवर्ड्सच्या जागी लियम व्हेलन मागे आला. म्हणजे एक माणूस पडला आणि तीन जागा हलल्या. आक्रमणातला एक पाय तुटला तो वेगळाच. वुडला स्ट्रेचरवरून नेलं, पण काही वेळाने तो परत आला आणि उजव्या बगलेला उभा राहिला. गालाचं हाड मोडलेला, डोक्याला मार बसलेला माणूस केवळ संख्या भरायला मैदानात. ६८व्या मिनिटाला मॅकपार्लंडने हेडरवर गोल केला, ७३व्या मिनिटाला क्रॉसबारवरून परत आलेला चेंडू जाळ्यात मारला. ८३व्या मिनिटाला टॉमी टेलरने एक गोल फेडला. मग शेवटच्या काही मिनिटांत वुडला पुन्हा गोलमध्ये पाठवलं, ब्लँचफ्लॉवरला पुढे खेळता यावं म्हणून. व्हिला २-१ने जिंकली.

फाउल होता, याबद्दल वाद नाही. पण त्या काळच्या नियमाने फॉरवर्डला काय मुभा दिली होती हे न पाहता मॅकपार्लंडवर निकाल देणं चूक आहे. सहा यार्डांच्या चौकोनात गोलरक्षकाला एरवी संरक्षण होतं, मात्र चेंडू त्याच्या हातात असेल तर त्याला खांद्याने ढकलणं कायदेशीर होतं. चेंडूसकट तो रेषेपार गेला तर गोल मोजला जाई. म्हणून प्रत्येक कॅचच्या मागे धावत जाणं हा फॉरवर्डच्या कामाचाच भाग होता. अर्ध्यावर पाय आखडता घेणाऱ्याला ड्रेसिंग रूममध्ये बोलणी बसली असती. दुसऱ्याच वर्षी, ३ मे १९५८ला, बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने त्याच मैदानावर, एफए कपच्याच अंतिम सामन्यात, युनायटेडचाच गोलरक्षक हॅरी ग्रेगला चेंडूसकट जाळ्यात ढकललं. गोल मान्य झाला.

मॅकपार्लंडच्या बाबतीत धडकेची शक्यता इतर विंगरांपेक्षा जास्तच होती, आणि त्याचं कारण त्याच्या खेळात होतं. त्या काळच्या डब्ल्यूएम मांडणीत ११ नंबरचा खेळाडू डावी रेषा धरून राहायचा, फुलबॅकला चकवायचा आणि क्रॉस टाकायचा. ते झालं की त्याचं काम संपलं असंच बहुतेक विंगर मानत. मॅकपार्लंड अंगाने दणकट आणि हवेतल्या चेंडूवर तरबेज. चेंडू उजव्या बगलेला गेला की तो रेषा सोडून तिरका आत घुसायचा आणि लांबच्या खांबाशी पोहोचायचा. उजवीकडून येणाऱ्या क्रॉसकडे बघणाऱ्या फुलबॅकच्या पाठीमागून तो यायचा, म्हणून तो दिसायचा उशिरा. पन्नाशीच्या दशकातला विंगर असून त्याचे एवढे गोल कसे, याचं उत्तर या तिरक्या धावेत आहे. मात्र या धावेचा शेवट गोलरक्षकाच्या अंगावरच व्हायचा.

बाकी कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण धडकेच्या चर्चेत ती नेहमी वाहून जाते. आयर्लंडच्या फाळणीनंतर न्यूरी सीमेच्या उत्तरेला राहिलं आणि वीसेक किलोमीटरवरचं डंडॉक दक्षिणेला. मॅकपार्लंड क्लब फुटबॉल खेळला डंडॉककडून, आंतरराष्ट्रीय सामने मात्र बेलफास्टच्या आयरिश एफएकडून, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या संघटनेकडून. १९५२ साली व्हिलाने त्याला ३,८८० पौंडांत घेतलं. मार्च १९५४मध्ये वेल्सविरुद्ध पदार्पणातच दोन गोल. व्हिला १९५९ला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली, पुढच्याच वर्षी ती डिव्हिजन जिंकून वर आली, तेव्हा तो संघात होता. १९६१च्या पहिल्या लीग कप फायनलमध्ये रॉदरहॅमविरुद्ध पहिला लेग ०-२ हरल्यावर दुसऱ्या लेगमध्ये जादा वेळेतला निर्णायक गोल त्याचा. मग वुल्व्ह्ज, प्लिमथ, अमेरिकेत अटलांटा चीफ्स, आणि शेवटी बेलफास्टच्या ग्लेंटोरानचा खेळाडू-व्यवस्थापक. उत्तर आयर्लंडकडून ३४ सामने, १० गोल, त्यातले निम्मे एका विश्वचषकात.

त्या विश्वचषकाकडे मुद्दाम वळतो. १९५७ला बदली न देणाऱ्या ज्या नियमाचा फायदा मॅकपार्लंडच्या व्हिलाला झाला, त्याच नियमाचा फटका वर्षभरात त्याच्याच उत्तर आयर्लंडला बसला, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. पश्चिम जर्मनीविरुद्धच्या २-२ बरोबरीत दोन्ही गोल मॅकपार्लंडचे, पण गोलरक्षक ग्रेगचा, म्हणजे युनायटेडच्याच त्या ग्रेगचा, घोटा दुखावला. दोनच दिवसांनी, १७ जूनला, माल्मोमध्ये चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध प्लेऑफ. गोलमध्ये नॉर्मन उप्रिचर्ड. खेळता खेळता त्याचा घोटा मुरगळला आणि वर हाताचं हाड मोडलं. बदली नाही. मोडक्या हाताने तो जादा वेळ संपेपर्यंत गोलमध्ये उभा राहिला. बर्टी पीकॉकही जखमी होऊन लंगडत राहिला. ०-१ पिछाडीवरून मॅकपार्लंडने मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी केली आणि जादा वेळेत दुसरा गोल मारून संघाला उपांत्यपूर्व फेरीत नेलं. १९ जूनला फ्रान्ससमोर उप्रिचर्ड उभाच राहू शकत नव्हता, म्हणून पुरता बरा न झालेला ग्रेग परत गोलमध्ये. निकाल ०-४. या पराभवासाठी चेकोस्लोव्हाकियाच्या एखाद्या फॉरवर्डला कुणी धारेवर धरलं नाही. मग वेम्बलीसाठी मॅकपार्लंडला का?

वेम्बलीवरच्या एफए कप अंतिम सामन्यांचा त्या दशकाचा इतिहास ओळीने मांडला तर आरोप कुणावर ठेवायचा हे उघड होतं. १९५२: आर्सेनलचा वॉली बार्न्स गुडघा दुखावून बाहेर. १९५३: बोल्टनचा लेफ्ट हाफ एरिक बेल मांडीचा स्नायू दुखावून लंगडत डाव्या विंगला गेला. १९५५: मँचेस्टर सिटीचा जिमी मेडोज, गुडघ्याचे लिगामेंट तुटले, कारकीर्द संपली. १९५६: सिटीचाच गोलरक्षक बर्ट ट्राउटमन, मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटची पंधराएक मिनिटं खेळला. १९५७: वुड. १९५९: नॉटिंगहॅम फॉरेस्टचा रॉय ड्वाइट, पाय मोडला. १९६०: ब्लॅकबर्नचा डेव्ह व्हेलन, पाय मोडला. १९६१: लेस्टरचा लेन चामर्स जायबंदी. दहा अंतिम सामन्यांपैकी आठांत एक संघ अपुरा पडला, आणि त्या आठपैकी सहा संघ हरले.

१९५३चा सामना ब्लॅकपूलचा विंगर स्टॅन्ली मॅथ्यूजच्या नावाने ओळखला जातो. उजव्या विंगवरून त्याने बोल्टनची फळी फोडली ती खरीच अप्रतिम होती, पण बोल्टनची डावी बाजू बेलच्या दुखापतीने आधीच विस्कटली होती. एकाच नियमातून एका विंगरची दंतकथा झाली आणि दुसऱ्याच्या कपाळी बट्टा लागला, असं मी म्हणेन.

बदली खेळाडूची कल्पना तेव्हा नवी नव्हती. मैत्रीपूर्ण सामन्यांत दोन्ही बाजू राजी असल्या तर बदली चालायची. ऑक्टोबर १९५३मध्ये विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात पश्चिम जर्मनीने हॉर्स्ट एकेलच्या जागी रिचर्ड गॉटिंगरला उतरवलं होतं. इंग्लंडमधला विरोध एका भीतीवर उभा होता: संघ खोटी दुखापत दाखवून थकलेला खेळाडू बदलतील. शेवटी फुटबॉल लीगने १९६५-६६च्या मोसमात एका बदलीला परवानगी दिली, तीही फक्त दुखापतीसाठी. लवकरच ती अट काढावी लागली, कारण दुखापत खरी की खोटी हे रेफरीने ओळखायचं कसं? मग कारण विचारणं बंद झालं. एफए कपच्या अंतिम सामन्यात पहिला बदली खेळाडू १९६८ला उतरला, वेस्ट ब्रॉमचा डेनिस क्लार्क. विश्वचषकात १९७०ला. बदलीने फुटबॉल बिघडला असं आज कुणी म्हणत नाही.

या इतिहासातला धडा आज डोक्याच्या दुखापतीला लागू पडतो. मोडलेला पाय दिसतो, कन्कशन दिसत नाही. मेंदू कवटीत हलतो, खेळाडू उठून उभा राहतो, पळतोही, पण त्याची जाणीव, तोल, प्रतिक्रियेचा वेग बिघडलेला असतो. त्या अवस्थेत दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. मैदानावर डॉक्टर आधी पाच साधे प्रश्न विचारतो: आपण कोणत्या मैदानावर आहोत, कोणता हाफ चालू आहे, शेवटचा गोल कुणी केला, मागचा सामना कुणाशी होता, तो आपण जिंकलो का. एकही उत्तर चुकलं तर खेळाडू बाहेर. पण पाचही बरोबर आली म्हणजे तो ठीक आहे असं नव्हे. पुढची तपासणी, म्हणजे शब्द लक्षात ठेवणं, आकडे उलटे म्हणणं, एका पायावर तोल सांभाळणं, पाच-दहा मिनिटांनी तेच शब्द पुन्हा आठवणं, हे सगळं शांत जागी करायला कमीत कमी १० मिनिटं लागतात. आणि फुटबॉलमध्ये मिळतात किती? डोक्याच्या दुखापतीसाठी रेफरीने खेळ तीन मिनिटांपर्यंत थांबवावा, असा यूएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, २०१४पासूनचा नियम आहे. दहा मिनिटांचं काम, तीन मिनिटं, भर मैदानात, हजारोंच्या आरडाओरड्यात.

२०१४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टॉफ क्रामरला १७व्या मिनिटाला खांदा लागला. तो जवळपास १४ मिनिटं खेळत राहिला. मग त्याने रेफरी निकोला रिझोलींना विचारलं, हा फायनलचाच सामना आहे ना? रिझोलींनी जर्मन खेळाडूंना सांगितलं तेव्हा कुठे तो बाहेर आला. त्याला बाहेर काढलं ते रेफरीच्या सावधपणाने, वैद्यकीय व्यवस्थेने नव्हे. २०१८ला कीव्हमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये लिव्हरपूलचा गोलरक्षक लोरिस कारियस सेर्खियो रामोसच्या कोपराच्या माराने पडला, उठला आणि पुढे दोन भयंकर चुका करून बसला. नंतर बॉस्टनच्या डॉक्टरांनी त्याला सामन्यातच कन्कशन झाल्याचं निदान केलं. तोवर जगाने त्याची यथेच्छ हेटाळणी केली होती. इथेही माणसावर खापर फुटलं आणि नियम सुटला.

नियमांची अंतिम सत्ता असलेल्या इफाबने डिसेंबर २०२०मध्ये कायमस्वरूपी कन्कशन बदलीच्या चाचण्यांना मान्यता दिली, आणि २०२४पासून कोणत्याही स्पर्धेला ही तरतूद घेता येते. प्रत्येक संघाला एक जादा बदली. बाहेर गेलेला खेळाडू परत येणार नाही. आणि प्रतिस्पर्ध्यालाही एक जादा बदली मिळते, म्हणजे फायदा उपटायचा मोह होऊ नये. पाऊल चांगलंच आहे. पण जानेवारी २०२३मध्ये प्रीमियर लीग, फ्रान्सची लीग आणि अमेरिकेची एमएलएस तात्पुरत्या बदलीची चाचणी घ्यायला तयार असताना, आणि खेळाडूंची संघटना फिफप्रो तीच मागणी करत असताना, इफाबने नकार दिला.

हा नकार चुकीचा का, हे डॉक्टरच्या जागी उभं राहून पाहिलं की कळतं. समोर संघाचा सेंटर बॅक बसला आहे, उत्तरं बरोबर देतो आहे, डोळे मात्र जरा शून्यात. संशय आहे, खात्री नाही. कायमस्वरूपी नियमात संशयाची किंमत पूर्ण खेळाडू आहे. व्यवस्थापक विचारतो, ‘नक्की कन्कशन आहे का?’ तीन मिनिटांत नक्की म्हणता येत नाही, मग खेळाडू परत जातो. तात्पुरत्या बदलीत संशयाची किंमत दहा-बारा मिनिटं एवढीच. डॉक्टर बिनदिक्कत बाहेर काढू शकतो, कारण चुकलं तर खेळाडू परत जाईल. रग्बी युनियनमध्ये हीच पद्धत आहे: बदली आत, खेळाडू तपासणीला, १२ मिनिटं.

तात्पुरत्या बदलीला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा वजनदार आहे. कन्कशनची लक्षणं तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. दहा मिनिटांच्या तपासणीत पास झालेला खेळाडू परत मैदानात गेला तर धोका उरतोच. खरं आहे. पण आजच्या व्यवस्थेत तोच खेळाडू तीन मिनिटांच्या तपासणीवर परत जातो आहे, हे ते विसरतात. तुलना आदर्श नियमाशी करायची नाही, आज प्रत्यक्षात जे होतं त्याच्याशी करायची. ज्याला शुद्ध हरपल्याचं, आकडी आल्याचं, तोल गेल्याचं किंवा विसरल्याचं एकही ठळक लक्षण दिसलं, त्याला तपासणीची संधी देण्याचं कारणच नाही. तो सरळ कायमचा बाहेर. तात्पुरती बदली फक्त संशयितांसाठी.

दुसरा मुद्दा गैरवापराचा, साठ-सत्तर वर्षं जुना. याचं उदाहरण पुण्याजवळच घडलं आहे. ३१ जानेवारी २०२५ला गहुंज्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत मुंबईकर शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला आणि त्याच्या जागी कन्कशन बदली म्हणून हर्षित राणा आला. राणाने तीन बळी घेतले, भारत १५ धावांनी जिंकला, आणि फलंदाज-अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा, हा इंग्लंडचा कर्णधार जॉस बटलरचा आक्षेप रास्तच होता. तो आक्षेप होता जागा घेणाऱ्या खेळाडूच्या निवडीवर. दुबेला मैदानात ठेवायला हवं होतं असं कुणीही म्हणालं नाही. गैरवापराचं उत्तर अट नेमकी करण्यात आहे. फुटबॉलमध्ये तर प्रतिस्पर्ध्यालाही तीच सवलत दिली की बराचसा प्रश्न मिटतो.

गोव्यासाठी ही चर्चा पुस्तकी नाही. ५ डिसेंबर २००४ला बंगळुरूमध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबच्या क्रिस्तियानो ज्युनियरने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले, दुसरा करताना गोलरक्षक सुब्रत पालशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि गेला. ती दुखापत डोक्याची नव्हती; हृदय थांबलं होतं. संघसहकारी मैदानातच त्याची छाती दाबत होते, तातडीच्या उपचारांची व्यवस्था अपुरी होती, यावर तेव्हा बरंच बोललं गेलं. शिस्तभंगाची कारवाई मात्र झाली ती पालवर. टक्कर देणारा दिसतो, अपुरी व्यवस्था दिसत नाही. २००६च्या ऑक्टोबरमध्ये रेडिंगच्या मैदानावर आयर्लंडच्याच एका विंगरचा, स्टीफन हंटचा, गुडघा चेल्सीच्या पेत्र चेकच्या डोक्याला लागून कवटी फुटली, तेव्हाही महिनोन्महिने हंटच्या हेतूवर खल झाला. सुदैवाने चेकच्या जागी लगेच बदली गोलरक्षक आला. वुडसारखं फुटक्या डोक्याने विंगवर उभं राहण्याची वेळ चेकवर आली नाही, कारण मधल्या काळात नियम बदलला होता.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर होणाऱ्या स्पर्धांना किंवा गोव्यातल्या आंतरगाव सामन्यांना इफाबची वाट पाहायची गरज नाही. कायमस्वरूपी कन्कशन बदलीचा पर्याय स्पर्धेच्या नियमावलीत आजच घालता येतो. त्यासाठी लागतं ते एवढंच: दोन्ही संघांचा नसलेला एक डॉक्टर, चौथ्या पंचाकडे वेगळ्या रंगाचं एक बदली-कार्ड, म्हणजे नेहमीच्या बदल्यांत घोळ होणार नाही, बाहेर आलेल्या खेळाडूसोबत सामना संपेपर्यंत एक माणूस, आणि त्याला एकट्याने गाडी चालवत घरी न पाठवण्याचा नियम. डॉक्टर मिळाला नाही, तर संशय आलेला खेळाडू परत येणार नाही, एवढं पुरे.

तात्पुरत्या बदलीसाठी मात्र इफाबच लागेल. तिथे एकूण आठ मतं आहेत: चार फिफाची, आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांचं प्रत्येकी एक. नियम बदलायला सहा लागतात. उत्तर आयर्लंडचं मत ज्या आयरिश एफएच्या हाती आहे, तिच्याच जर्सीत मॅकपार्लंड ३४ वेळा खेळला आणि उप्रिचर्ड मोडक्या हाताने गोलमध्ये उभा राहिला. ठराव मांडायला याहून हक्काची संघटना कोणती? मागणीही मोठी नाही: दोन मोसम, तीन इच्छुक लीग, १२ मिनिटं, तटस्थ डॉक्टर, आणि तपासलेल्या प्रत्येक खेळाडूची दुसऱ्या व सातव्या दिवशी फेरतपासणी, म्हणजे किती जण चुकून परत मैदानात पाठवले गेले याचे आकडे पहिल्यांदाच हाती येतील.